दाखला आधी की अक्षता आधी?

याद्या करायला दोन्ही घरं बसतात तेव्हा हॉल कोणी घ्यायचा, मानपान किती, सीमांतपूजनाचा खर्च कोणाकडे, रुखवतात काय, हे सगळं कागदावर उतरतं. विवाह नोंदणी मात्र त्या यादीत क्वचितच असते. ‘ते लग्नानंतर बघू’ म्हणून ती मागे पडते. एकाच गावात राहणाऱ्या, एकाच नोकरीत निवृत्त होणाऱ्या पिढीचं त्यावाचून अडत नसे. आता नवरा मुलगा पुण्यात, नवरी मुलगी बंगळुरात, दोघांची पहिली नोकरी वर्ष-दीड वर्षाची, आणि त्यातल्या एकाला कंपनी परदेशी पाठवणार असते. अशा वेळी दाखल्यावरची तारीख हॉलच्या तारखेइतकीच महत्त्वाची ठरते. रजा, विमा, व्हिसा, भविष्य निर्वाह निधी, सगळं त्या एका तारखेला बांधलेलं असतं. या प्रक्रियेतून आम्ही दोघं गेलो आणि पुढे ओळखीतल्या बऱ्याच जोडप्यांचे कागद जमवून दिले. त्यातून पक्कं झालेलं इथे मांडतोय.

महाराष्ट्रात सरळ रस्ते दोन. पहिला : धार्मिक विधीने लग्न लावायचं आणि मग महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत त्याची नोंद करायची. ही नोंद १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते. दुसरा : विशेष विवाह कायदा, १९५४. यात विवाह अधिकाऱ्यासमोर लग्नच लागतं आणि दाखलाही तिथेच मिळतो. लोक याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण न्यायालयाचा इथे काही संबंध नाही; हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. पहिल्या रस्त्यात विधी आधी, कागद नंतर. दुसऱ्यात कागद हेच लग्न. या दोहोंची खिचडी केली की घोळ सुरू होतो.

खिचडीचा नेहमीचा प्रकार असा. लग्न डिसेंबरात, पण व्हिसाच्या अर्जासाठी जोडीदाराचा दाखला ऑगस्टमध्येच हवा. मग कोणीतरी ‘सोय’ सांगतं : अमुक संस्थेत जा, दोन हार घाला, ते विवाह झाल्याचं प्रमाणपत्र देतात, त्यावर नोंदणी होते, खरं लग्न डिसेंबरात करा. या मार्गाचं काय होतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालात दिसतं. दोन व्यावसायिक वैमानिक. साखरपुडा मार्च २०२१ मध्ये. जुलै २०२१ मध्ये एका संस्थेकडून विवाहाचं प्रमाणपत्र घेऊन उत्तर प्रदेशात नोंदणी केली. प्रत्यक्ष सोहळा ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरला होता. मधल्या काळात बिनसलं आणि प्रकरण घटस्फोटापर्यंत गेलं. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विधी झालेलेच नाहीत, तेव्हा हा विवाहच नाही. प्रमाणपत्र आणि नोंदणी दोन्ही निरर्थक. व्हिसासारख्या सोयीसाठी आधी नोंदणी उरकून घेण्याच्या या सवयीवर न्यायालयाने त्यात स्पष्ट नापसंती नोंदवली आहे.

म्हणजे विधीआधी दाखला हवाच असेल, तर विशेष विवाह कायदा हाच रस्ता. मात्र त्यात दाखल्यावर जी तारीख पडते ती तुमची कायदेशीर लग्नाची तारीख. डिसेंबरात पुन्हा सप्तपदी घाला, मंगलाष्टकं म्हणा, कोणी अडवत नाही. पण सरकारी फॉर्मवर, विम्यात, व्हिसा मुलाखतीत ऑगस्टचीच तारीख सांगायची. पत्रिकेवरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख वेगळी का, हा प्रश्न दूतावासात विचारला जातो. दोघांनी एकच, खरं आणि सोपं उत्तर द्यायचं : आधी कायदेशीर विवाह झाला, नंतर सोहळा. घरच्या वडीलधाऱ्यांनाही हे आधी नीट सांगून ठेवावं. ‘सही झाली म्हणजे लग्न झालं’ हे त्यांना पटत नसलं तरी कायद्याला पटलेलं असतं, आणि त्यानंतर सोयरीक मोडायची तर घटस्फोटच घ्यावा लागतो.

विशेष विवाहाचं गणित मागून पुढे मांडावं लागतं. लग्न करायचा इरादा कळवणारी नोटीस विवाह अधिकाऱ्याला दिल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी. हरकत आली नाही, तर त्यानंतर लग्न लागू शकतं. पण नोटीस दिलेल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत ते लागलं पाहिजे. नाहीतर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. हातात खरी मुदत उरते साधारण दोन महिन्यांची. १० सप्टेंबरला नोटीस दिली तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लग्न लावता येतं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त डिसेंबरअखेर असेल आणि नोटीस उत्साहात ऑगस्टमध्येच देऊन टाकली असेल, तर ती वाया गेली. शेवटच्या दिवसावर काही ठेवू नये; कार्यालयीन सुट्ट्या, सर्व्हर बंद, अधिकारी निवडणुकीच्या कामावर, असं काहीही निघतं.

त्याआधीची पायरी जास्त अडवते. दोघांपैकी किमान एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीच्या लगेच आधीचे सलग ३० दिवस वास्तव्य हवं. नवी नोकरी लागलेल्यांकडे याचाच पुरावा नसतो. आधार कार्डावर लातूर किंवा चिपळूणचा पत्ता, राहणं हिंजवडीच्या पीजीत, पीजीवाला महिन्याची साधी पावतीही धड देत नाही. सर्वात चांगला पुरावा म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवणं सक्तीचंच आहे आणि हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. चौघांनी मिळून फ्लॅट घेतला असेल तर करारात आपलं नाव आहे ना ते बघा. पुष्कळदा एकाच्याच नावावर करार असतो आणि बाकीचे तिघे कागदोपत्री कुठेच राहत नसतात. करारात नाव घालून घेणं किंवा आधारवरचा पत्ता बदलून घेणं हे साखरपुड्याच्या आसपासच उरकावं. दोन्ही जमत नसेल आणि दोघांपैकी एक जण खरोखर सलग ३० दिवस गावाकडे राहिलेला असेल, तर नोटीस तिथल्या जिल्ह्यात द्यावी. तिथे पत्त्याचा प्रश्न राहत नाही, खिडकीवर गर्दीही कमी असते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी आधी सांगत नाही. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते हे सर्वांना माहीत असतं. पण दोघांपैकी एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर कलम ६ प्रमाणे त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथल्या फलकावर लागते. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न घरी न सांगता करणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच बेत आखावा. हरकत मात्र कोणत्याही कारणाने घेता येत नाही. वय पूर्ण नसणं, आधीचं लग्न अस्तित्वात असणं, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता, अशा कायद्यातल्या अटींचा भंग दाखवावा लागतो. ‘आमच्या घराण्याला पसंत नाही’ ही हरकत होत नाही. आणि निषिद्ध नात्याचं म्हणाल तर मामाच्या किंवा आत्याच्या मुला-मुलीशी लग्नं आपल्याकडे कित्येक घरांत होतात. अशा जोडप्यांनी या कायद्याखाली नोटीस देण्याआधी वकिलाला जरूर विचारावं, कारण रूढीची सवलत इथे आपोआप मिळत नाही.

कागद फार नाहीत : दोघांचे वयाचे पुरावे (जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट), पत्त्याचे पुरावे, फोटो, आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्युदाखला. नोटीस ऑनलाइन भरायची सोय आहे. सरकारी फी अगदी किरकोळ असते. बाहेरचे दलाल हजारोंनी मागतात ते फॉर्म भरण्याचे आणि साक्षीदार पुरवण्याचे. साक्षीदार आपलेच न्यावेत. अनोळखी माणसाची सही आपल्या दाखल्यावर आयुष्यभर राहणार असते.

अडतं ते नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पदवीच्या प्रमाणपत्रावर आईचंही नाव, आधारवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ किंवा ‘भाऊ’ चिकटलेलं, पॅनवर मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. खिडकीवरचा कारकून यातला प्रत्येक फरक बोट ठेवून दाखवतो, आणि त्याचं चूक नसतं. दाखल्यावर जे स्पेलिंग छापलं जाईल ते पुढे व्हिसाला जसंच्या तसं लागतं. माझं मत असं की पासपोर्ट असेल तर त्यातलं स्पेलिंग प्रमाण मानावं आणि बाकीचे कागद, निदान आधार तरी, नोटिशीआधी त्याच्याशी जुळवून घ्यावेत. मसुदा पडद्यावर दाखवतात तेव्हा तो घाईत मान डोलावून सोडू नये. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्त्याचा पिनकोड, अक्षर न् अक्षर वाचावं. दाखला निघाल्यावर दुरुस्ती करायला लागणारा वेळ मूळ प्रक्रियेपेक्षा जास्त असू शकतो.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, तिघांकडेही मूळ ओळखपत्र हवं. चौथा माणूस जादा घेऊन जावा, कारण कार्यालय फक्त कामाच्या दिवशी उघडं असतं आणि मित्रांपैकी एकाची मीटिंग ऐनवेळी निघतेच. प्रतिज्ञापत्रावर दोघांच्या आणि तिघांच्या सह्या, मग अधिकाऱ्यासमोर एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडी म्हणायचं, मग विवाह प्रमाणपत्राच्या पुस्तकात सह्या. एवढंच. हार घालायला वेळ देतात, फोटोही काढू देतात. मोठा गोतावळा नेला तर बाहेर उभा राहतो. ज्यादा फी भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावण्याची तरतूद कायद्यातच आहे, त्यामुळे हॉलमध्येच विवाह अधिकारी बोलावून एकाच दिवशी दोन्ही उरकता येतं. ज्यांना दोन तारखांचा गुंता नको त्यांच्यासाठी हा उत्तम मार्ग, फक्त अधिकाऱ्याची वेळ पुष्कळ आधी मागावी लागते. मुहूर्त न पाळणाऱ्यांना आणखी एक सोय : अधिक महिन्यात हॉल सहज मिळतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे.

आता पहिला रस्ता, म्हणजे आधी विधी आणि मग नोंद. विवाहाचं ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा फॉर्म, ‘नमुना ड’ मध्ये भरायचं असतं, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि ते लग्नापासून ९० दिवसांच्या आत द्यायचं. नंतरही नोंद होते, पण जादा पैसे आणि जास्त चौकशी. इथेही तीन साक्षीदार. त्याशिवाय लग्न लावणाऱ्याची सही लागते, आणि नव्वद टक्के फेऱ्या या एका सहीपायी होतात म्हटलं तरी चालेल. गुरुजी लाजाहोम संपवून पुढच्या मुहूर्ताला निघून जातात. नंतर ते नाशिकला असतात, जोडपं मधुचंद्राला, आणि फॉर्म आईच्या कपाटात. म्हणून कोरा फॉर्म आधीच छापून, नावं भरून, गुरुजींच्या आधार कार्डाच्या झेरॉक्ससह हॉलमध्येच न्यावा आणि दक्षिणा देताना सही घ्यावी. बौद्ध पद्धतीने लग्न असेल तर विधी लावणाऱ्याची, निकाह असेल तर काझींची सही आणि निकाहनामा; तत्त्व तेच.

दुसरी अडचण पत्रिकेची. हल्ली पत्रिका मोबाइलवरच फिरते, छापत कोणी नाही. नोंदणीला मात्र छापील पत्रिका मागतात, तीवर दोघांची पूर्ण नावं, तारीख आणि स्थळ हवं. ‘चि. पप्पू आणि चि. सौ. कां. पिंकी’ चालत नाही. पंचवीस-तीस प्रती साध्या कागदावर छापून घ्या. पत्रिकाच नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. लग्नाचा एक फोटो लागतो, त्यात दोघांचे चेहरे स्पष्ट हवेत. मुंडावळ्यांनी डोळे झाकलेला फोटो सुंदर असला तरी परत येतो. अर्ज कोणत्या प्रभागात द्यायचा ते आधी विचारून घ्यावं. मिळणारा दाखला ‘नमुना ई’ मधला. तो मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे ना ते बघून, प्रमाणित प्रती तिथेच दोन-तीन जास्त मागून घ्याव्यात.

गोव्यात पद्धत निराळी. तिथे नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत सह्या होतात आणि वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. तो करार लग्नाआधीच करावा लागतो. एक बाजू गोव्याची असेल तर हे याद्यांच्या वेळीच बोलून घ्यावं.

रजेकडे वळू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लग्नासाठी वेगळी रजा नाही. वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, त्या तिमाहीगणिक जमा होतात. भरपगारी अर्जित रजा २४० दिवस काम झाल्यावर, दर २० दिवसांना एक, आणि साठवता येते ४५ पर्यंत. जुलैत रुजू झालेल्याचं लग्न डिसेंबरात असेल तर कायद्याने हातात चारच नैमित्तिक रजा येतात. बऱ्याच कंपन्या याहून उदार असतात, काही तीन ते पाच दिवस लग्नाची रजा देतात. पण परिवीक्षा काळात ती लागू आहे का हे नियमावलीत वाचावं, टीम लीडच्या तोंडी होकारावर विसंबू नये. नोटीस किंवा नोंदणीसाठीची एखाद-दोन दिवसांची रजा या हिशेबात बहुतेक जण धरतच नाहीत.

लग्न आणि नोकरी बदल एकाच तिमाहीत आणू नये, हे मी आग्रहाने सांगतो. ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये घेतलेली रजा कित्येक कंपन्या पुढे जोडतात, म्हणजे शेवटचा दिवस सरकतो आणि नवीन ठिकाणची रुजू तारीख हुकते. गटविमा जुन्या कंपनीच्या शेवटच्या दिवशी संपतो. नव्या ठिकाणी जोडीदाराचं नाव विम्यात घालायला लग्नापासून साधारण महिन्याभराची मुदत असते. ती गेली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबा. ही मुदत दाखल्यावरच्या तारखेपासून मोजतात, स्वागत समारंभापासून नाही. ऑगस्टात सही आणि डिसेंबरात सोहळा करणाऱ्यांची मुदत सप्टेंबरातच संपलेली असते.

पैशांच्या बाबतीत दोनच मुद्दे. एका व्यक्तीकडून एका प्रसंगासाठी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. केटरर ‘तीन तुकड्यांत द्या’ म्हणाला तरी प्रसंग एकच धरतात. दंड घेणाऱ्याला बसतो, पण पावती नसल्याने भांडण तुमचं होतं. दुसरं, लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटी करमुक्त असतात, साखरपुड्यातल्या नव्हे. साखरपुड्याला नातेवाइकांनी दिलेलं चालतं. नात्याबाहेरच्यांकडून वर्षात मिळालेल्या अशा रकमा ५० हजारांवर गेल्या तर त्या उत्पन्नात धरल्या जातात. दागिन्यांचं बिल जिचे दागिने तिच्याच नावावर करावं, त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, असावा, आणि मंगळसूत्राच्या वजनातून काळे मणी वजा केलेले असावेत.

लग्नानंतर आडनाव बदलणं सक्तीचं नाही. बदलायचंच असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) यूएएन म्हणजे खाते क्रमांक, आणि शेवटी पासपोर्ट, असा क्रम ठेवावा. मध्येच थांबलं तर पगार एका नावावर आणि पीएफ दुसऱ्या नावावर अडकतो. पार्श्वभूमी पडताळणी चालू असताना नाव बदलू नये, पदवीवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नाही म्हणून फाइल थांबते.

नाव बदला किंवा न बदला, पीएफचं नामनिर्देशन दोघांनीही नव्याने करायचं. रुजू होताना, कुटुंब नसताना, मित्राचं किंवा भावाचं नाव घातलं असेल तर लग्न होताच ते आपोआप रद्द ठरतं, आणि नवीन भरलेलं नसेल तर तिथे कोणीच नसतं. ग्रॅच्युइटीचंही तेच, त्याला ९० दिवसांची मुदत आहे. परदेशी जायचं असेल तर दाखल्याला अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) लागेल की त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का, हे देशावर ठरतं. दुबईला जाणाऱ्यांना दूतावासाचा लागतो. त्यासाठी मूळ दाखला काही आठवडे हातातून जातो, म्हणून प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवायच्या.